विणकरांचा झेंडा ओसाकाला जातो

जपानला नेलेल्या सामानात सगळ्यात अडचणीची वस्तू होती ती पुठ्ठ्याची एक नळी. उभी केली तर माझ्या खांद्याला लागायची. विमानतळावरच्या मुलीने विचारलं, "यात काय आहे?"

"झेंडा."

"कोणत्या देशाचा?"

"देशाचा नाही. गाणाऱ्या विणकरांचा."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नळीला चिठ्ठी लावून टाकली. फार प्रश्न न विचारणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे.

आधी थोडं आमच्याविषयी सांगते. मी मूळची इचलकरंजीची, वडिलांचे यंत्रमाग होते. लग्नानंतर नवऱ्याच्या, श्रीधरच्या, नोकरीमुळे जर्मनीत गेले आणि तिथल्या एका लहान गावातच राहिले. गंमत म्हणजे तेही विणकरांचंच गाव. आता तिथे एकही माग चालत नाही, पण विणकरांनी काढलेलं पुरुषांचं गायन मंडळ अजून चालतं. श्रीधर त्या मंडळात गातो. मी गात नाही. मी इस्पितळाच्या स्वयंपाकघराची प्रमुख आहे, त्यामुळे मंडळाचा दौरा असला की सोळा म्हाताऱ्यांच्या गोळ्या, जेवण, तिकिटं आणि हरवलेले चष्मे हे खातं आपोआप माझ्याकडे येतं.

या वेळी झेंडाही माझ्याकडे आला होता. तो ओसाकाच्या एका गायन मंडळाला देऊन टाकायचा होता.

उरायासु

बाकीचे सगळे थेट ओसाकाला उतरणार होते. आम्ही दोघं दोन दिवस आधी निघालो आणि तोक्योजवळ उरायासुला माझ्या भाचीकडे, नेहाकडे, थांबलो. तिचा नवरा पुण्याच्या कंपनीकडून इथे आला आहे. त्यांच्या इमारतीत इतकी भारतीय कुटुंबं आहेत की लिफ्टमध्ये फोडणीचा वास आला. खाली मात्र कचऱ्याच्या जाळीपाशी पूर्ण जपान. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्यांची बुचं वेगळी, पुठ्ठा दोरीने बांधून. जर्मनीत राहून मला वाटत होतं की कचरा वेगळा करण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. नेहाने पहिल्याच सकाळी माझी पिशवी उघडून दह्याचा डबा बाहेर काढला.

"मावशी, हा धुऊन टाकायचा असतो."

"धुतलाय."

"लेबल काढलं नाहीस."

मी लेबल सोलायला घेतलं. असे पराभव मोठ्या मनाने घ्यायचे असतात.

नेहाची मुलगी ईरा सहा वर्षांची आहे. ती नळीभोवती फिरून जपानीत काहीतरी विचारत होती.

"मराठीत विचार गं आजीला," नेहा म्हणाली.

ईराने इंग्रजीत विचारलं, "मॅच आहे का?"

म्हणून मी नळी उघडली आणि जेवणाचं टेबल पुसून झेंडा पसरला. गडद हिरवं रेशीम, मधोमध सोनेरी धाग्यात वीणेसारखं तंतुवाद्य आणि त्याखाली विणकराचा धोटा. काठाला झालर. वरच्या बाजूला कड्यांची पट्टी असते, तिला रंगीत फिती अडकवलेल्या. तिकडची रीत अशी की दुसरं मंडळ पाहुणं आलं, किंवा एखादा मोठा प्रसंग झाला, की पाहुण्यांनी यजमानांच्या झेंड्याला फीत बांधायची. काही फितींवरची अक्षरं आता नुसती बोटालाच कळतात.

या मंडळाला दीडशेहून जास्त वर्षं झाली. मागावर दिवस घालवून संध्याकाळी गिरणीतल्या कापड रंगवायच्या खोलीत विणकर गायला जमायचे, कारण हिवाळ्यात गावात तेवढीच एक जागा उबदार असायची. बायकांना मंडळात घेत नसत, पण झेंडा भरला तो बायकांनी. मागच्या अस्तराखाली त्यांचे टाके मी पाहिले आहेत, कारण अस्तर फाटलं तेव्हा ते मी बदललं. एकीचा टाका बारीक, एकीचा घाईचा, एक डावखुरी होती. पुरुषांच्या नावांचे फलक तालमीच्या खोलीत आहेत. या बायकांची नावं कुठे नाहीत, टाके मात्र आहेत.

पहिल्या युद्धातून निम्मे टेनर, म्हणजे वरच्या आवाजाचे गायक, परत आले नाहीत. दुसऱ्या युद्धाआधीच्या वर्षांत सरकारने मंडळाला जे गायला सांगितलं ते त्याने गायलं, आणि आमचे अध्यक्ष वेर्नर ही गोष्ट कधी गोड करून सांगत नाहीत. "नको ती गाणीही गायलो. झेंड्यावर लिहिलेलं नाही म्हणून विसरायचं नसतं," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. श्रीधर आला तेव्हा त्यालाही सांगितलं होतं. मला या मंडळाचा अभिमान वाटू लागला तो त्या वाक्यापासून.

"मग देऊन का टाकताय?" नेहाने विचारलं. "जुनं फर्निचर आहे का ते?"

"गायला माणसं उरली नाहीत. सोळा आहेत, त्यांतल्या चौघांना जिना चढवत नाही. नवीन कोणी येत नाही. गावातलं संग्रहालय म्हणतं, गोदामात ठेवू. वेर्नर म्हणाले, गोदामापेक्षा ओसाका बरं. तिथे निदान गाणारे आहेत."

"आणि झेंडा गेला की?"

"की गुरुवारची तालीम बंद."

"मावशी, मग तूच गा ना त्यांच्यात."

"मी गायले तर उरलेले सोळाही जातील."

श्रीधर झेंड्याची झालर विंचरल्यासारखी बोटांनी सरळ करत होता. पहाटे नेहाच्या बाथरूममधून त्याचा खर्ज ऐकू आला. वडिलांनी लहानपणी लावलेली सवय आहे ती, उठल्या उठल्या खालचा सा धरायचा. लग्नापासून मी तो आवाज पाण्याच्या मोटरीत जमा केलेला आहे. ईरा मात्र घाबरून उठली आणि आईला म्हणाली, भूकंप.

ओसाका

शिंकानसेन या वेगवान रेल्वेत नळी डोक्यावरच्या फळीवर आडवी मावली. ओसाकाच्या स्टेशनवर आमचे पंधरा जण आधीच उभे होते आणि त्यांच्यासमोर ओसाकाच्या मंडळाचे अध्यक्ष नाकागावा-सान. सत्तरीचे, शिडशिडीत, कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांना जर्मन येतं, पण ते सगळं गाण्यांतून शिकलेलं. त्यामुळे आमचं स्वागत झालं ते असं: "हे पथिकांनो, दूर दरीतून सुखाने आलात!" स्वच्छतागृह कुठे म्हणून विचारल्यावर त्यांनी गंभीरपणे हात केला, "उजवीकडे, जिथे निर्झर वाहतो." कोणी हसलं नाही. नंतर हॉटेलच्या लिफ्टमध्ये सगळे एकदम हसले.

या दोन मंडळांचं नातं असं जुळलं. आमच्या गावात पूर्वी मागही तयार व्हायचे. ओसाकाच्या एका कापड कंपनीने मोरी-सान नावाच्या तरुण इंजिनिअरला ते शिकायला पाठवलं. संध्याकाळी करायला काही नाही, भाषा येत नाही, म्हणून घरमालकाने त्याला तालमीला नेलं. आवाज खालचा निघाला, म्हणून त्याला दुसऱ्या बेसमध्ये उभं केलं. चार आवाजांतला हा सगळ्यात खालचा. परत गेल्यावर मोरी-सानने कंपनीतल्या माणसांना जमवून ओसाकात तसंच मंडळ काढलं. तीच गाणी, तशीच तालीम, तालमीनंतर तशीच बिअर. आता मोरी-सान नाहीत, कंपनीही दुसऱ्या नावाने आहे, मंडळ मात्र चाळीस जणांचं आहे. इतक्या वर्षांत नववर्षाची कार्डं आणि कॅलेंडरं इकडून तिकडे जात राहिली, एकेकटा माणूस भेटूनही गेला, पण दोन्ही मंडळं एकत्र अशी कधी गायली नव्हती.

पहिली तालीम एका शाळेच्या सभागृहात होती. बूट बाहेर. आमच्या हाइन्झच्या मोज्याला भोक होतं, ते त्याने दुसऱ्या पायाने झाकून दोन तास काढले. आमच्या संचालिका कात्रिन या मंडळातल्या एकमेव बाई, वयाने सगळ्यांत लहान आणि आवाजाने सगळ्यांत कडक. त्यांनी आधी मंडळाचं स्वतःचं गाणं घेतलं. ते एका विणकराने बांधलेलं आहे. माग थांबला, दिवा मालवा, उरलेलं कापड उद्या कोणी तरी विणील, इतकाच त्याचा अर्थ. सभासद गेला की त्याच्या कबरीपाशी झेंडा खाली झुकवून हेच म्हणतात. मी ते इतक्या वेळा थंडीत उभं राहून ऐकलंय की मला चारही आवाज पाठ आहेत.

शेवटच्या ओळीपर्यंत सुरेख चाललं होतं. शेवटच्या ओळीला असा आवाज झाला की जणू कोणी भांड्यांची मांडणी पाडली.

कात्रिननी हात खाली केला. "पुन्हा."

पुन्हा तेच. ओसाकाचे बेस पायरी पायरीने खाली उतरत होते, आमचे त्याच जागी वर वळत होते.

वेर्नर ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांनी चष्मा काढला. "ते चुकीचं गातायत."

"वेर्नर," कात्रिन हळू म्हणाल्या.

"आमचं गाणं आहे. आमच्या कबरींवरचं. खाली कुठे जातात ते?"

नाकागावा-सानना शब्द कळले असोत नसोत, सूर कळला. ते कमरेत वाकले. त्यांच्यामागे त्यांचं सगळं मंडळ वाकलं. "क्षमा," ते म्हणाले. "आम्ही सुधारू."

तालमीनंतरच्या बिअरला सगळे अवघडून बसले होते. तिथली रीत अशी की स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा. आमच्या गावात दुसऱ्याच्या बाटलीला हात लावला तर भांडण होईल. वेर्नरनी रागाच्या भरात स्वतःच ओतून घेतली आणि शेजारचे नाकागावा-सान भरलेली बाटली हातात घेऊन असे बसले की जणू पंक्तीत वाढायला उठले आणि पानावरची माणसं निघून गेली. मी माझा पेला पुढे केला. कोणाला तरी काही तरी वाढल्याशिवाय त्या माणसाला घास गेला नसता.

जेवण मात्र उत्तम. तव्यावरचं ओकोनोमियाकी म्हणजे कोबीचं जाड धिरडंच, वर चिंचगुळासारखा आंबटगोड सॉस. आमची मंडळी म्हणाली, बटाट्याचं धिरडं. प्रत्येकाला आपापलं घर आठवलं.

क्योतो

दुसऱ्या दिवशी नाकागावा-सान आम्हाला क्योतोला घेऊन गेले. मंदिरांविषयी मी लिहीत नाही, ती सगळ्यांनी लिहिली आहेत. मला पाहायचं होतं ते निशिजिन, विणकरांची पेठ. तिथल्या अरुंद गल्लीत पाऊल टाकलं आणि भिंतीआडून मागाचा आवाज आला. इचलकरंजीचा खडखडाट तो नव्हे, इथला माग खोकून घसा साफ करणाऱ्या माणसासारखा थांबून थांबून बोलतो. तरी माझे पाय आपोआप तिकडे वळले.

एका घरात आम्हाला चहाला बसवलं. विणणारी बाई माझ्याच वयाची. आम्ही आत शिरताच तिने एका मागावर घाईने कापड टाकून झाकलं. बाकीच्यांचं लक्ष नव्हतं, पण विणकराच्या मुलीला झाकलेला माग दिसतोच. मी दुसऱ्या मागावरच्या ताण्याला हात न लावता वाकून पाहिलं आणि एक धागा तुटलेला दाखवला. ती "आ!" म्हणाली, बसली, आणि जोडला. गाठ अशी की पुन्हा शोधूनही मला दिसली नाही. माझ्या वडिलांनी त्या बाईला त्याच दिवशी कामावर ठेवलं असतं आणि आठवड्यात ती त्यांची मालकीण झाली असती.

निघताना नाकागावा-सान पुन्हा आत जाऊन आले तेव्हा त्यांच्या हातात एक लांबट खोकं होतं. "भेटवस्तू?" मी विचारलं. ते नुसते हसले.

दुपारी नूडल्सच्या दुकानात श्रीधर आणि मी वेर्नरबरोबर बसलो होतो. त्यांनी काट्याने वाडग्यात एक फेरा घेतला आणि काटा ठेवून दिला.

"हानेस असं गायचा," ते म्हणाले.

हानेस म्हणजे पूर्वीचा रंगारी, मंडळाचा सगळ्यात खालचा बेस. त्याच्याविषयी मी ऐकलं होतं.

"मी विशीचा होतो. माझ्या डाव्या हाताला हानेस, त्याच्या पलीकडे तो जपानी पोरगा. मोरी. शेवटच्या ओळीत हानेस असा खाली जायचा की पायाखालची फळी थरथरायची. मोरी परतल्यानंतर हानेस वारला, त्या हिवाळ्यात त्याच्याच कबरीवर आम्हाला ती ओळ जमेना. कोणी तिथवर पोचेना. तेव्हाच्या संचालकांनी बेस वर वळवला, बाकीच्या आवाजांना जरा सरकवलं. म्हणाले, दुसरा हानेस मिळेपर्यंत. आणि मग मिळालाच नाही. आमच्यानंतर आलेल्यांना वाटलं, गाणं असंच आहे. काल मलाही तसंच वाटलं. त्यांच्यावर ओरडलो."

"म्हणजे चुकीचं आपण गातोय," श्रीधर म्हणाला.

"चुकीचं नाही. तात्पुरतं."

कात्रिनना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "परवा कार्यक्रम आहे. जुनं शिकायला जागा कुठे?" हॉटेलात गायला बंदी, बागेत लोक. शेवटी मला स्टेशनसमोरचं कराओकेचं दुकान दिसलं. जाड दारांच्या खोल्या, तासावर भाड्याने, आत कितीही ओरडा. त्या संध्याकाळी ओसाकातल्या एका कराओकेच्या खोलीत, फिरणाऱ्या गुलाबी दिव्यांखाली, सोळा माणसं दाटीवाटीने बसून कबरीवरचं गाणं शिकत होती. पेयं घेऊन येणारी मुलगी दार उघडून तशीच उभी राहिली.

तीन आवाज लवकर बसले. बेसचं अडलं. वेर्नर अर्ध्या वाटेवर थांबले, हाइन्झ खोकायला लागला. कात्रिननी कपाळाला हात लावला.

"श्रीधर, तू?"

श्रीधरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? रोज पहाटे कोणासाठी करतोस ते?"

तो एक एक पायरी उतरला. शेवटच्या सुरावर पोचून तो तिथे बसला, जसा सकाळी बसतो. टेबलावरचे पेले वाजले. मी आयुष्यभर ज्याला पाण्याची मोटर म्हटलं होतं तो आवाज हाच होता. तो इतकी वर्षं दुसऱ्या बेसमध्ये उभा होता आणि कोणालाच कळलं नव्हतं, कारण त्या जागी उतरायची पायरीच काढून टाकलेली होती.

वेर्नर म्हणाले, "इतकी वर्षं कुठे होतास?"

"तुमच्या शेजारी," श्रीधर म्हणाला.

पुन्हा ओसाका

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शेवटची तालीम. आमची मंडळी शाळेतल्या पोरांसारखी खूश. कोणी काही सांगायचं नाही, एकदम गायचं आणि ओसाकावाल्यांना थक्क करायचं, असा बेत. कात्रिननी सूर दिला. शेवटची ओळ आली.

मांडणी पुन्हा कोसळली.

या वेळी खाली उतरत होतो आम्ही आणि वर वळत होते ते. चाळीसच्या चाळीस, एकही न चुकता.

क्षणभर कोणाला काही कळेना. मग नाकागावा-सान पुढे आले, घाम पुसत. त्यांच्यातल्या एकाने पहिल्या तालमीत आमचं गाणं फोनवर घेतलं होतं. आम्ही कराओकेत होतो त्याच संध्याकाळी हे लोक कारखान्याच्या उपाहारगृहात जमून आमचं नवं, म्हणजे चुकीचं, म्हणजे तात्पुरतं, शिकत होते. मोरी-सानने शिकवलेलं इतक्या वर्षांचं त्यांनी एकाच संध्याकाळी पुसून टाकलं होतं, कारण पाहुण्यांनी म्हटलं होतं की ते चूक आहे. एकानेही विचारलं नव्हतं की खरंच चूक आहे का.

हसायला सुरुवात हाइन्झने केली. तो हसला की खोकतो, खोकला की आणखी हसतो. मग सगळं सभागृह. मी जपानी माणसांना इतकं मोठ्याने हसताना पहिल्यांदा पाहिलं आणि जर्मन माणसांनाही. वेर्नर मात्र नाकागावा-सानसमोर गेले आणि वाकले. वाकायची सवय नसल्यामुळे ते नको तिथून वाकले आणि पाठ धरून बसले. मला लेप लावावा लागला. पण वाकले.

"तुमचं बरोबर होतं," ते म्हणाले. "तुम्ही आमचं सांभाळलंत. आम्हीच हरवून बसलो होतो."

कात्रिननी टाळी वाजवली. "जुनं गायचं. सगळ्यांनी. आणि आता कोणी कोणाला मान देऊ नका, कृपा करून."

कार्यक्रम वस्तीतल्या एका लहान सभागृहात झाला. श्रोते म्हणजे घरची माणसं, कंपनीतले जुने लोक, शाळेतली मुलं. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर मोरी-सानचा फोटो. मी बाजूला झेंडा धरून उभी होते. मंडळाच्या नियमाने झेंडा सभासदानेच धरायचा, पण गाणाऱ्यांना गायचं होतं आणि काठी जड आहे. नियम करणाऱ्यांना कोणी विचारायला जाणार नव्हतं.

शेवटच्या ओळीत छप्पन्न माणसं हळूहळू खाली उतरली आणि सगळ्यांच्या खाली श्रीधर आणि ओसाकाचे तिघे. माझ्या हातातली काठी थरथरली. रेशीमही. मी रडले नाही, तशी माझी पद्धत नाही. पण त्या झेंड्याला टाके घालणाऱ्या बायकांपैकी एक तरी तिथे हवी होती, असं वाटलं.

मग वेर्नरनी तो झेंडा माझ्याकडून घेतला. ठरल्याप्रमाणे त्यांनी चार वाक्यं म्हटली. आम्ही थकलो, तुम्ही तरुण आहात, आवाज जिथे आहे तिथे झेंडा असावा. सत्तरीच्या माणसांना तरुण म्हटल्यावर नाकागावा-सान जरा लाजले. त्यांनी झेंडा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावल्यासारखं केलं आणि ते लांबट खोकं उघडलं.

आत फीत होती. निशिजिनची, त्या झाकलेल्या मागावरची. आमच्या झेंड्याचाच हिरवा, त्यात सोन्याचा धोटा, आणि इतकी बारीक वीण की मला चष्मा लावावा लागला. त्यांनी ती फीत रिकाम्या कड्यात अडकवली. मग बोलू लागले, हळू, एक एक शब्द निवडून. या वेळी निर्झर नाहीत, पथिक नाहीत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते गाण्याबाहेरचं जर्मन इतकं सलग बोलले.

"मोरी-सानने आम्हाला सगळं शिकवलं. झेंड्याचा नियमही. सभासद गेला की झेंडा कबरीपाशी हवा." ते आमच्या रांगेकडे वळले. "आम्ही हा ठेवून घेतला, तर तुमच्यातला जो जाईल त्याच्यासाठी आम्हाला झेंडा घेऊन यावं लागेल. नियम आहे. फार लांब पडतं. आमचेही गुडघे चांगले नाहीत. आणि तुम्ही सोळा आहात, म्हणजे सोळा वेळा. यापेक्षा तो तुमच्याकडेच असणं सोयीचं. फीत आमची. फीत पाहुण्याने बांधायची, म्हणजे पाहुणे आम्ही आणि झेंडा तुमचा."

त्यांनी दोन्ही हातांनी झेंडा परत पुढे केला.

वेर्नरनी झेंडा घेतला नाही, नाकारलाही नाही. ते त्या फितीकडे पाहत होते. मग म्हणाले, "परत नेला तर गुरुवारी तालीम घ्यावी लागेल."

"हो," नाकागावा-सान म्हणाले.

"तुम्ही फार हट्टी माणूस आहात."

"हो," नाकागावा-सान म्हणाले आणि वाकले.

वेर्नरनी हात पुढे केला. काठी जड झाली तशी श्रीधरने खालून धरली.

घरी

नळी परत आली. परतीच्या विमानतळावर दुसरी मुलगी होती, तिने काही विचारलं नाही. उरायासुहून नेहाचा फोन आला. ईराला कळलं होतं की झेंडा परत गेला, म्हणून ती विचारत होती, मग मॅच कोण जिंकलं. मी म्हटलं, बरोबरी.

गुरुवारी तालमीची खोली उघडते. दुसऱ्या बेसमध्ये माणूस हवा, अशी पाटी मी बेकरीच्या दारावर लावली आहे. पाटीखाली लिहिलंय, बिअर मिळेल. अजून एकच जण चौकशीला आला, तो बिअरची करून गेला. शेवटची ओळ आता जुन्या पद्धतीने गातात. श्रीधर पहाटे बाथरूममध्ये सा धरून बसतो तेव्हा मी दार बंद करत नाही, एवढी सवलत मी दिली आहे.

नव्या फितीचं एकच अडतं. ती इतर फितींपेक्षा बरीच लांब आहे. वेर्नर झेंडा धरून उभे राहिले की तिचं टोक जमिनीला टेकतं. मागच्या गुरुवारी मी कात्री आणि सुईदोरा घेऊनच गेले. म्हटलं, चार बोटं कापून टोक दुमडून देते, कळणारही नाही.

वेर्नरनी फीत उचलून हातावर घेतली. "कापू नकोस," ते म्हणाले. "उंच माणूस शोध."